बेहेऱ्यांचा कॅम्पर

"कुलूप तेवढं बदलू नका," बेहेरेबाई म्हणाल्या. "बाकी वस्तू तुमची. रंग द्या, पडदे फाडा, काहीही करा."

खरवलीच्या तलावाच्या काठावर आम्ही चौघं उभे होतो. मी, माझी बायको नीला, बेहेरेबाई आणि त्यांची मुलगी अनघा. समोर विटांच्या चवडींवर टेकवलेला, आम्ही नुकताच विकत घेतलेला तो कॅम्पर. जुन्या टेम्पोच्या सांगाड्यावर, ड्रायव्हरच्या केबिनमागे चढवलेलं लाकडी घर. आत दोन बाक, घडीचं टेबल, शेगडीची फळी, भिंतीतली कपाटं. सगळं बाईंच्या यजमानांनी, चिंतामणराव बेहेऱ्यांनी, स्वतःच्या हाताने केलेलं. एक खिळा दिसत नव्हता, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. मी नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो. तीस वर्षं पोरांना पदार्थविज्ञान शिकवून घसा बसला होता आणि महिन्यातले आठ-दहा दिवस तरी कुणाशी बोलावं लागू नये एवढीच इच्छा उरली होती. गेनबा ढमाल्यांचा हा तळ बारमाही चालायचा. धरणात जमीन गेली त्यातून उरलेली काठावरची पट्टी त्यांनी भाड्याने लावली होती. गाडी तिथेच ठेवायची, वाटेल तेव्हा यायचं, वाटेल तेव्हा जायचं.

"कुलूप का नको बदलायला?" मी विचारलं.

"यांच्याकडे किल्ली आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे आले तर सांगा, कुमुद नाशिकला अनघाकडे आहे. पत्ता मी लिहून देते."

नीलाने माझ्याकडे पाहिलं. चिंतामणराव सात वर्षांपूर्वी याच तलावात होडी घेऊन गेले होते. होडी रिकामी सापडली, माणूस सापडला नाही, हे गेनबांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. बाईंनी पाकिटातून फोटो काढून दाखवला. हसरा, उंच माणूस, डावी भुवई मधोमध चिरलेली. लाकूड तासताना पटाशी निसटली होती म्हणे. मग त्यांनी एका कागदावर पत्ता लिहिला आणि माझ्या हातात दिला. अक्षर टपोरं, मास्तरणीसारखं होतं.

गाडीकडे परत जाताना अनघाने मला जरा मागे थांबवलं.

"आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, काका. सात वर्षं झाली, कोर्टाचा कागद मिळाला, मग मीच गुरुजींना गाठलं. दर्भाचा पुतळा करून गोदावरीवर बाबांचं सगळं रीतसर केलं. आई घाटावर आलीच नाही. घरी पुरण शिजवत बसली. म्हणाली, जिवंत माणसाला जाळताय, मी नाही येणार."

"मी समजू शकतो," मी म्हणालो. मी काही समजत नव्हतो. मनात म्हटलं, बाईंचं वेड आपल्याला स्वस्तात पडलं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. गावोगाव जाऊन भानामतीचा बुरखा फाडणाऱ्यांपैकी मी एक. नारळातून केस काढणाऱ्या बुवाला मी भर जत्रेत उघडा पाडलेला आहे. आमच्या नात्यात कुणाला काही दिसलं की माझ्यापासून लपवून ठेवत, कारण मी टर उडवायचो. नीलाचीही उडवायचो. ती शनिवारी मारुतीला जाते, अमावास्येला नखं कापत नाही. "तुझ्या डोक्यात चौदावं शतक भाड्याने राहतं," असं मी तिला म्हणायचो.

ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा कॅम्परचं दार खाली घासायचं. उघडायला खांदा लावावा लागे. पंधरा दिवसांनी गेलो तर दार बोटाने उघडलं.

"हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं," मी म्हणालो.

"आकसलं तर त्याचा भुसा पडतो का?" नीलाने उंबऱ्यापाशी बोट दाखवलं. तिथे रंधा मारल्यावर पडतात तशा चार-पाच पातळ साली होत्या.

"गेनबाने केलं असेल."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला डाव्या बाकावरची गादी ओली होती. पसरून नव्हे, एक माणूस बसेल एवढीच. मी छतावर चढून पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं, आणि पाऊस जाऊन महिना झाला होता. गादीला तळ्याच्या चिखलाचा वास येत होता. तिने गादी उन्हात टाकली आणि रात्री उजव्या बाकावर माझ्याजवळ अंग चोरून झोपली. मी तिला चिडवलं, पण झोप मलाही लागली नाही.

त्यानंतरच्या खेपेला दाराखाली पायरी होती.

कॅम्परचं दार जमिनीपासून बरंच उंच. आधी आम्ही दगडावर पाय देऊन चढायचो. आता तिथे नवी लाकडी पायरी होती. दोन टप्प्यांची, रुंद, बेताच्या उंचीची, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोसेल अशी. एकही खिळा नाही. मी खाली बसून ते सांधे बघत राहिलो. तसेच सांधे आतल्या कपाटांना होते.

मी तडक गेनबांकडे गेलो. ते गोठ्यात होते.

"गेनबा, पायरी तुम्ही करून घेतलीत का?"

"म्या? म्या कशापायी करीन, सायेब?"

"मग कुणी केली?"

गेनबांनी धार काढणं थांबवलं. "खरं सांगू का? म्या तुमच्या गाडीकडं तुमी नसताना फिरकतच न्हाय. चार जण सांगत्यात, पहाटचं आत दिवा हालतो. ठोकल्यागत आवाज येतो. म्या बगितला न्हाय. बगायला गेलोबी न्हाय."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी हसला असता," गेनबा म्हणाले. "आन् दुसरं असं, गिऱ्हाईक तुटतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "ह्या पाण्यानं त्येंला दिलंच न्हाय माघारी. जे दिलं न्हाय ते हितंच ऱ्हातं, सायेब."

मी हसलो नाही. परत येताना पाय पायरीवर ठेवायला नको वाटला आणि मी शेजारी पडलेल्या जुन्या दगडावरून आत चढलो. नीलाने ते पाहिलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा संताप येत होता. त्या संतापात मी तालुक्याच्या गावाला गेलो, नवं कुलूप आणलं आणि जुनं उपटून बसवलं.

"बाईंना आपण शब्द दिला होता," नीला म्हणाली.

"चोर येतोय. चोराला किल्ली ठेवू?"

"पायरी करून देणारा चोर?" ती म्हणाली.

डिसेंबरातली ती सकाळ. सात वाजायला आले होते. धुकं इतकं, की खिडकीतून पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. तळावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. नीला वर गेनबांच्या घरी दूध आणायला गेली होती आणि मी आतून कडी घालून चहाचं आधण ठेवत होतो. तेवढ्यात कुलपात किल्ली सरकल्याचा आवाज आला.

नीलाकडे किल्ली नव्हती. ती माझ्या समोर खुंटीला होती.

किल्ली आत गेली, अडली, बाहेर आली. पुन्हा आत गेली. बाहेरचा माणूस घाई करत नव्हता. किल्ली उलटी करून त्याने पुन्हा पाहिलं. मग थांबला. मग दोनदा बोटाच्या पेराने दार वाजलं.

मी शेगडी बंद केली आणि दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बाजूला केला.

पंचा नेसलेला, अंगात विटका स्वेटर, पांढरी दाढी वाढलेली. गुडघ्यापर्यंत ओला. खांद्याला गोणपाटाची पिशवी. त्याने मान वर केली आणि मला ती भुवई दिसली, मधोमध चिरलेली.

"कुलूप बदललंत का?" त्याने विचारलं. आवाज साधाच होता, थोडा बसलेला.

मी पडदा तसाच धरून ठेवला.

"ही लागत नाही आता," किल्ली दाखवत तो म्हणाला. "कुमुद आहे का आत?"

"नाहीत."

"कुठे आहे?"

पत्ता मला पाठ होता. तो सांगायला श्वासभर वेळ लागला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर नाशिकचं एक घर आलं, त्यातल्या खोलीत एकटी झोपलेली एक म्हातारी बाई, आणि तिच्या दाराशी गुडघ्यापर्यंत ओला उभा असलेला हा. गेलेल्याला जिवंत माणसाचा ठिकाणा सांगू नये, असं माझी आई म्हणायची. या बोलण्यावर मी आईलाही हसलो होतो.

"चिंतामणराव," मी म्हणालो, आणि नाव ऐकताच तो दचकला, जवळ सरकला. "तुम्ही आता अडकून राहू नका. तुमचं सगळं यथासांग झालं आहे."

"काय झालं आहे?"

"कार्य. गोदावरीवर. पुतळा करून दहन झालं, दिवसही झाले."

मग त्याने स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"माझे दिवस?"

"हो."

"कुमुदला माहीत आहे हे?"

तो इथल्या पाशातून सुटावा, एवढंच मला त्या वेळी हवं होतं. "त्यांनीच केलं," मी म्हणालो.

"तिनं स्वतः?"

"स्वतः. शांतपणे नमस्कार केला. त्या सुटल्या, आता तुम्हीही सुटा."

तो पायरीवर बसला. माझ्याकडे पाठ होती. खांदे हलत होते की धुक्यामुळे तसं वाटत होतं, ते मला कळलं नाही. मग मागे न बघता तो म्हणाला, "कालपासून पोटात काही नाही. खायला आहे का काही?"

आणि मला एकदम कळलं, काय करायचं ते. आई असेपर्यंत तिच्या हट्टापायी दर वर्षी मी वडिलांचं श्राद्ध करत होतो, मनात हसत, पण करत होतो. हात विसरत नाहीत. रात्रीचा भात होता. त्यावर दही घातलं. नीलाच्या चटणीच्या सामानात काळे तीळ होते, ते चिमूटभर टाकले. ताटली घेऊन मी पुढच्या, ड्रायव्हरच्या दाराने खाली उतरलो, दक्षिणेच्या अंगाला जमिनीवर ठेवली, आणि हातावर पाणी घेऊन अंगठ्यावरून ताटलीभोवती सोडलं. हात जोडले. मागे वळून न पाहता आत येऊन दार लावून घेतलं.

तो वळसा घालून आला. ताटलीपाशी उभा राहिला. जमिनीवरचं पाणी त्याने पाहिलं, भात पाहिला.

"तीळ घातलेत," तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच.

मग तो मांडी घालून बसला आणि जेवला. सावकाश, शीत न् शीत वेचून. मी पडद्याआडून पाहत होतो. जेवण झाल्यावर उठला, काठाशी जाऊन मातीने ताटली घासली, विसळली, आणून पायरीवर पालथी ठेवली. पिशवी खांद्याला लावली आणि काठाकाठाने चालत धुक्यात गेला. थोडा वेळ पाणी हलल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

नीला आली तेव्हा मी खाली बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून हात जोडले.

"बरं केलंत हो," ती म्हणाली. "जेवून गेले. शांत झाले असतील."

त्या वेळी मला बरं वाटलं, नव्हे, अभिमान वाटला. आपण एका माणसाला मार्गी लावलं आणि एका बाईला वाचवलं, असं मी धरून चाललो. त्यानंतर खरंच काही झालं नाही. गादी कोरडी राहिली. कुठे भुसा पडला नाही. महिन्यातून एकदा बेहेरेबाईंचा फोन यायचा, ख्यालीखुशाली विचारून झाली की त्या म्हणायच्या, "काही निरोप?" आणि मी म्हणायचो, "नाही बाई."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, गेनबा एका माणसाला घेऊन आले. पलीकडच्या काठावर डोंगरात महादेवाचं देऊळ आहे, तिथला तो गुरव. होडीतून आला होता.

"मिस्तरी तुमच्याकडंच यायचे ना?" त्याने विचारलं.

"कोण मिस्त्री?"

"आमचे मिस्तरी. सात वर्सांमागं काठाला सापडले आमच्या धनगरास्नी. डोक्याला मार. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. गळ्यात एक किल्ली तेवढी. सुतारकाम मातर हातात होतं, देवळाचं दार त्यांनीच केलं बगा. म्हागल्या साली थोडं थोडं आठवाया लागलं. म्हणायचे, पलीकडं माझं लाकडाचं घर हाय, बायकू हाय, गुडघं दुखत्यात तिचं. पहाटचं होडी घिऊन यायचे. म्या म्हनलं, सोबत येतो, इचारू कुनाला तरी. तर म्हणायचे, मला अजून धड आठवत न्हाय गुरव, आधी ती दिसू दे, मंग इचारू."

मी कॅम्परच्या भिंतीला टेकलो.

"आन् मंग डिसेंबरात एकदा इकडनं आले, ते पार बदलूनच आले. म्हणाले, गुरव, मी मेलोय. माझे दिवस घातलेत. म्या हसलो. पर ते काय हसंनात. त्या दिसापास्नं पंगतीला बसंना गडी. जेवा म्हनलं की म्हणायचे, माझं जेवण झालंय. वाळत वाळत गेले. महाशिवरातीच्या आधी आठ दिस संपले. आमीच अग्नी दिला." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी त्यांचे कोन?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

गुरव गेल्यावर मी पायरीवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. मेलेला माणूस किल्ली लावून बघत नाही. मेलेल्याला भूक लागत नाही. मेलेला माणूस ताटली घासून पालथी घालत नाही. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, की भूत समोर आलं तर आधी हात लावून बघा. समोर आला तेव्हा माझ्यात आणि त्याच्यात एक पडदा होता, आणि मी हात बाहेर काढला नाही. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

चार दिवसांनी मी नाशिकला गेलो. नीलाला नेलं नाही. अनघाने दार उघडलं. बेहेरेबाई खिडकीशी गहू निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं. तलावातून वाचले ते, डोक्याला लागल्याचं, देवळातली सात वर्षं, पायरी, महाशिवरात्र. डिसेंबरात कॅम्परवर आले होते, हेही सांगितलं. अनघा मध्येच रडत आत निघून गेली. बाई रडल्या नाहीत. ताटातल्या गव्हांवरून हात फिरवत राहिल्या.

"तुमच्याकडे आले तेव्हा जेवले का हे?" त्यांनी विचारलं.

"हो. दहीभात."

"दही गोड होतं ना? आंबट चालत नाही त्यांना."

"गोड होतं."

बाईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"माझ्याबद्दल विचारलं?"

"विचारलं. आल्या आल्या तेच विचारलं."

"मग सांगितलंत ना, नाशिकला आहे म्हणून? पत्ता दिलात?"

खरं बोलायलाच मी सात तास एसटीत बसून आलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते. पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, की मी म्हणालो, "दिला."

बाईंनी मान हलवली. मग ताटावरचा हात थांबला. त्या अंगठ्याने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागल्या.

"डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी," त्या म्हणाल्या. "तीन महिने होते. पत्ता हातात होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आले का नाहीत हो?"

अनघा डोळे पुसत चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात दिला. बाई माझ्याकडेच पाहत होत्या. अजूनही बोलता आलं असतं.

"साखर कमी आहे का बघा, काका," अनघा म्हणाली.

"ठीक आहे," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.